एक वर्ष सेवेत द्यायचं, पण त्या वर्षात करायचं काय? (ठाणे - नवी मुंबई)

कोपरीकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या मुलामुलींनी तोच प्रश्न इतक्यांदा विचारलाय की आता एकदाच लिहून काढते आणि पुढच्यांना लिंक देते. प्रश्न असा: "डिग्री झाली, नोकरीचं पुढच्या वर्षी बघू, एक वर्ष समाजासाठी द्यायचंय. कुठे जाऊ?"

कुठे जायचं याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत. गेल्यावर काय करायचं, यावर मात्र कोणी बोलत नाही.

माझं वर्ष 'राष्ट्रीय युवा स्वयंसेवक' म्हणून झालं. केंद्राच्या युवा खात्याची ही योजना. माझ्या वेळी वय १८ ते २९, किमान दहावी पास, निवड जिल्ह्याच्या नेहरू युवा केंद्रामार्फत. मानधन महिना ५,००० रुपये होतं. नेमणूक वर्षाची, जास्तीत जास्त दोन वर्षं. युवा मंडळं उभी करायची, झोपलेली उठवायची, सरकारी मोहिमांशी त्यांना जोडून द्यायचं, हे ठरलेलं काम. मधल्या दिवसांत काय करायचं ते बरंचसं आपल्या डोक्यावर असतं.

मी गेले वागळे इस्टेटमधल्या एका वस्तीत. ओळखीचं मंडळ होतं. ठाण्यातल्या मंडळांबद्दल काय सांगायचं! दहीहंडीच्या आधी रात्री अकराला चाळीस पोरं थरांच्या सरावाला हजर. गणपतीत रात्रपाळीचं वेळापत्रक न लिहिता तोंडपाठ. आणि अनंत चतुर्दशी झाली की मंडळाच्या खोलीत स्पीकर, गुंडाळलेले बॅनर आणि कॅरम, बाकी काही नाही. त्या खोलीत संध्याकाळी ६ ते ९ अभ्यासिका चालवायची, एवढाच माझा डाव होता.

आता मुद्द्याचं. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी स्वतः शिकवायला बसले तर मुलं येतील, पालक खूश होतील, माझेही फोटो छान येतील, आणि मार्च उजाडला की खोलीला कुलूप लागेल. म्हणून मी शिकवणं जवळजवळ टाळलं. (यावरून घरी आणि बाहेर बोलणी खाल्ली. "मग तू तिथे करतेस तरी काय?") मी माणसं जमवत होते. जमलेली माणसं टिकवत होते, ते त्याहून अवघड.

बारीकसारीक गोष्टी सांगते, कारण खरं काम तिथेच असतं. एका वेळेला नेहमी दोघं. एक वस्तीतला, एक बाहेरचा. एकटा माणूस आजारी पडला की वर्ग बुडतो आणि दोनदा वर्ग बुडला की मुलं येईनाशी होतात. कोणाकडूनही आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त मागायचं नाही, तो स्वतःहून देत असला तरी नाही. असे पहिल्या महिन्यातले अतिउत्साही तिसऱ्या महिन्यात फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या कोण येणार?" विचारलं की अंगठे खंडीभर येतात आणि माणसं तीन. म्हणून गुरुवारी संध्याकाळी एकेकाला फोन, नाव घेऊन. आणि खोलीत खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही. आज कोण आलं, कोणाला काय शिकवलं, उद्या कुठून सुरू करायचं. तो तिसरा रकाना भरल्याशिवाय घरी जायचं नाही. उद्या येणारा नवा माणूस त्या एका ओळीवर वर्ग चालवू शकतो.

राहिली किल्ली. मंडळाच्या अध्यक्षांकडे असेल तर ते कुठल्यातरी लग्नात. माझ्याकडे असेल तर मी गेल्यावर संपलं. शेवटी ती गेली समोरच्या बोळातल्या एका ताईंकडे, त्या घरी फॉल-पिकोचं काम करतात, म्हणजे दिवसभर मशीनवर, दार उघडं. किल्ली त्यांच्याकडे गेल्यावर हळूहळू वही त्यांच्याकडे गेली, मग गुरुवारचे फोनही. माझ्या वर्षाचं फलित विचाराल तर एवढंच सांगेन. मी निघाले तेव्हा कोणाला विशेष फरक पडला नाही.

तर वर्ष देणाऱ्यांनो, मुलं किती शिकवली, झाडं किती लावली हे मोजत बसू नका. तुम्ही गेल्यावर गुरुवारचा फोन कोण करणार, ते पहिल्या तिमाहीत शोधा. बाकी अनुभव असलेल्यांनी लिहा. विरोधी मतंही चालतील.

सीवूड्सची आई

छान लिहिलंयस ग. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हेच डोक्यात घेऊन बसलाय. त्याचे बाबा म्हणतात, गॅप पडली की कंपन्या विचारतात. मला ती काळजी कमी, दुसरी जास्त: याला घरात स्वतःचं ताट उचलायचं माहीत नाही, हा वस्तीत जाऊन कोणाला काय शिकवणार? गंमत सोड, पण ५,००० रुपयांत कसं भागवलंस ते खरंखरं सांग.

कोपरीकरीण

काकू, भागवलं नाही, भागलं. आईवडिलांच्या घरी राहत होते, डबा घरचा, टीएमटीचा पास. घरभाडं द्यावं लागलं असतं तर पहिल्याच महिन्यात परतले असते. हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

ताट उचलायचं तो आपोआप शिकेल. वस्तीत चहा पिऊन कप तसाच ठेवला की तिथल्या आज्या बोलून घेतात.

निवृत्त कार्यक्रम अधिकारी

धागा आवडला. मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे थोडा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही.

तरुणांनी एक वर्ष देशाला द्यावं ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. १९५९ साली केंद्राने राष्ट्रीय सेवेसाठी एक समिती नेमली, अध्यक्ष आपले चिंतामणराव देशमुख. समितीने काय सुचवावं? शालेय शिक्षण संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करा! पैसा आणि अंमलबजावणी या दोन्ही कारणांनी ते बारगळलं. मग प्रा. के. जी. सैय्यदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास केला आणि सक्तीऐवजी ऐच्छिक मार्ग सुचवला. कोठारी शिक्षण आयोगानेही विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा आग्रह धरला. शेवटी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू केली. एका वर्षाचे झाले वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर.

ज्या चिंतामणरावांना सगळ्या पोरांना वर्षभर राबवायचं होतं, त्यांच्या नावाने ठाणे महापालिका १९८७ पासून स्पर्धा परीक्षांची संस्था चालवते. तिथे मुलं दोन-दोन, तीन-तीन वर्षं देतात, पण ती यूपीएससीसाठी. असो.

आता कोपरीकरीण यांच्या मुद्द्याला माझा दाखला. आमचं शिबिर मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर असायचं. पन्नास मुलं, सात दिवस, वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यात वाळू-माती भरायची, तोंड शिवायचं, ओढ्यात आडव्या रचायच्या. दोन दिवसांत पाणी अडतं, मुलं आनंदाने ओरडतात, शेवटच्या रात्री शेकोटी आणि रडारड. हा बंधारा पुढच्या पावसात जाणार हे गृहीतच असतं, तो दर वर्षी पावसाळा संपताना नव्याने घालायचा असतो. पहिल्या पाड्यावर आम्ही गेलो नाही त्या वर्षी ओढा तसाच वाहिला. पुढे दुसऱ्या पाड्यावर एका जाणत्या बाईंनी आधीच बजावलं, "गोण्या तुमच्या, पण भरायला आमची पोरं बरोबर बसतील." तिथे आमचं शिबिर बंद झाल्यावरही बंधारा पडत राहिला. ओढे दोन्हीकडे सारखेच होते.

तिरकस

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून थोडं मीठ.

एक, हे वर्ष कोण देऊ शकतं? ज्याच्या बापाचं ठाण्यात घर आहे तो. धागाकर्तीने ते स्वतःच कबूल केलंय, त्याबद्दल आदर. दोन, सरकारला 'स्वयंसेवा' हा शब्द का आवडतो ते बघा. आशाताईंना २००५ पासून कागदोपत्री स्वयंसेविकाच म्हणतात. काम दिवसभराचं, पगार नाही, 'मोबदला'. अंगणवाडीतही मानधन. महापालिकेच्या शाळेत शिक्षक भरायचे नाहीत आणि तिथे वर्षभरासाठी उत्साही पदवीधर आणून बसवायचे, याला सेवा म्हणायचं? तीन, वर्ष संपल्यावर या मुलांना परदेशी विद्यापीठासाठी झकास निबंध मिळतो. वस्तीला काय मिळतं?

कोपरीकरीण

तिरकस, दुसऱ्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. माझा नियमच होता: जिथे पगारी माणूस असायला हवा, तिथे स्वयंसेवक बसवायचा नाही. शाळेच्या वर्गात आम्ही कधीच गेलो नाही. शाळेत शिक्षक कमी असेल तर पालकांना घेऊन अर्ज करायचा, ते काम आम्ही केलं. अभ्यासिका म्हणजे घरी दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना ज्याला वही उघडता येत नाही त्याच्यासाठी एक शांत जागा. ती पगारी कोणी चालवणार नाही, चालवूही नये.

तिसऱ्यावर नंतर बोलू, कारण त्याचं उत्तर वस्तीतल्याच कोणीतरी द्यायला हवं.

ओहायोवासी

मूळचा नौपाड्याचा, आता अमेरिकेत ओहायोला. इथली माहिती देतो, कारण कोपरीकरीण जे स्वतःच्या अकलेने करून बसल्या, ते इथे नियम म्हणून लिहिलेलं आहे.

इथे 'व्हिस्टा' नावाची योजना आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनच्या गरिबीविरोधी मोहिमेतली. १९६४च्या कायद्यातून आली, पहिली तुकडी १९६५ साली निघाली, १९९३ पासून अमेरीकोर या मोठ्या छत्राखाली आहे. वर्षभर पूर्णवेळ काम. हातात मिळणारा भत्ता त्या भागातल्या दारिद्र्यरेषेच्या आसपास बेतलेला, आणि तो मुद्दाम तसा. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याएवढ्या पैशांत जगून बघा. वर्ष पूर्ण केलं की पुढच्या शिक्षणासाठी रक्कम, किंवा ते नको असेल तर त्याहून बरीच कमी रोख.

माझी भाची (इथेच जन्मलेली) एका अन्नपेढीत व्हिस्टावर होती. अन्नपेढी म्हणजे गरजूंना किराणा देणारी संस्था. पहिल्या दिवशी रांग मोठी लागली म्हणून ही पिशव्या भरायला धावली, तर पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, ते तुझं काम नाही. व्हिस्टाच्या माणसाने थेट सेवा द्यायची नाही असा दंडकच आहे. पिशव्या भरायला माणसं कुठून येतील, त्यांना पहिल्या दिवशी काय सांगायचं, ती पुढच्या महिन्यात परत यावीत म्हणून काय करायचं, देणगीसाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे तिचं काम. वर्षभर ती एका संगणकासमोर आणि फोनवर. घरी फोन करून रडायची, "मामा, मी गरिबांची सेवा करायला आले आणि एक्सेल भरतेय."

मला स्वतःला हा नियम जरा अती वाटतो. रांगेत कधी उभंच न राहिलेल्या माणसाला रांग कशी हलते ते कसं कळणार? पण त्यामागचा तर्क पटतो. रांगेत जास्तीचा एक हात आला तर वर्षभर एक हात वाढतो. पन्नास हात जमवायची पद्धत बसवली तर ती उरते.

अवांतर: सरकारी योजनेचा भरवसा मात्र इथेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरीकोरच्या सुमारे ४० कोटी डॉलरच्या अनुदानांना एका फटक्यात कात्री लागली, आणि त्यांच्या निवासी तुकड्यांतली मुलं मुदतीआधीच घरी पाठवली. जिथे स्थानिक माणूस तयार नव्हता तिथे काय झालं असेल ते ओळखा.

श्टुटगार्टकर

जर्मनीत 'सामाजिक वर्ष' १९६४ पासून कायद्यात आहे, बहुतेक मुलं शाळा संपल्यावर लगेच करतात. वृद्धाश्रम, रुग्णालयं, बालवाड्या. इथे व्हिस्टाच्या अगदी उलट, थेट हाताने काम. आजोबांना अंघोळ घालणं वगैरे. आणि गॅप पडली म्हणून कोणी भुवया उंचावत नाही. सीवूड्सच्या बाबांना सांगा.

ट्रान्सहार्बर

मी रोज ऐरोलीला आयटी पार्कात जाणारा, म्हणजे तुमच्या 'बाहेरच्या' माणसांपैकी. दोन्ही प्रकार बघितलेत.

पहिला: खाडीकाठची कांदळवनं साफ करायचा उपक्रम. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, खाडी रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) २०२२ ला गेली, तेव्हा सगळ्यांना खाडीचा पुळका आला होता. आमच्या ऑफिसातून बस भरून गेलो. तिथे भरती-ओहोटीची वेळच कोणी बघितली नव्हती. भरती, गुडघाभर चिखल, हातमोजे मूठभर, माणसं बसभर. उभं राहून फोटो काढले, वडापाव खाल्ला, परत. पुढच्या वेळी कोणी गेलं नाही, आणि आयोजकांचा निष्कर्ष: आयटीवाल्यांना समाजाचं काही पडलेलं नाही.

दुसरा: घणसोलीत एका अभ्यासवर्गाला जातो, दोन वर्षं झाली असतील. कारण सांगू? मला तिसरीतली चार मुलं नेमून दिलीत. ती चार माझी. शुक्रवारी एक दादा फोन करतो, "सर, या वेळी हातच्याची वजाबाकी अडलीय, तेवढं बघा." मी नाही गेलो तर ती चार पोरं खोळंबतात, हे मला माहीत असतं. शनिवारी सकाळी झोप मोडून उठायला एवढं पुरतं. सर्टिफिकेट दिलं होतं, कुठेतरी पडलं असेल.

तिरकस

भरतीच्या वेळी कांदळवनसफाई! हसून हसून मेलो.

तुर्भेस्टोअर

खूप दिवसांनी लॉगिन केलं. वरती ताई म्हणाल्या उत्तर वस्तीतल्याने द्यावं, तर देतो.

मी तुर्भे स्टोअरला जन्मलो, वाढलो. आमच्याकडे दर वर्षी एक नवीन ताई किंवा दादा येतात. जून-जुलैत येतात, चांगली माणसं असतात, शंका नाही. पहिला महिना सर्व्हे. घरात किती माणसं, पाणी किती वाजता येतं, संडास कुठला वापरता. आईने हे इतक्या वेळा सांगितलंय की आता ती प्रश्न यायच्या आधी उत्तर देते. त्या कागदांचं पुढे काय होतं ते आम्हाला कोणी दाखवलं नाही. मग वर्ग सुरू होतात, मुलांना लळा लागतो, एप्रिलमध्ये केक कापतात आणि ताई बंगलोरला जातात. माझी लहान बहीण एका ताईसाठी आठवडाभर जेवली नव्हती. पुढच्या ताई आल्या तेव्हा ती वर्गाला गेलीच नाही.

मी स्वतः दिवसा एपीएमसी मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. संध्याकाळी गल्लीतल्या दहावीच्या पोरांचं बीजगणित घेतो, हे मी बारावीत असल्यापासून चालू आहे, कोणी सांगितलेलं नाही. एका संस्थेने स्वयंसेवक हवेत म्हणून फॉर्म काढला होता. मी भरला. पदवीधर पाहिजे, असं उत्तर आलं. मग वर्गावर जी ताई आली ती चांगली होती, पण बीजगणित मलाच विचारायची.

माझं म्हणणं एवढंच, येणाऱ्याने पहिला महिना सर्व्हेत घालवण्यापेक्षा इथे आधीच कोण काय करतंय ते शोधावं. दर गल्लीत कोणीतरी असतं. मयताला वर्गणी गोळा करणारा असतो, बाळंतिणीला रात्री रिक्षा मिळवून देणारी असते. त्यांना तुमच्या प्रोग्रॅमची गरज नाही. त्यांना कधी कधी झेरॉक्सचे पैसे, बसायला जागा, आणि कोणी आजारी पडलं तर बदली माणूस लागतो.

निवृत्त कार्यक्रम अधिकारी

तुर्भेस्टोअर, तुमचा प्रतिसाद छापून कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात वाटला पाहिजे. शंभर मुलांचं एक युनिट असतं आमचं, दत्तक वस्ती घ्यायची असते. दत्तक घेताना वस्तीला विचारायची पद्धत किती ठिकाणी असेल, मी सांगायला नको.

सीवूड्सची आई

वाचून गलबलले. मुलाला लिंक पाठवली आहे.

कोपरीकरीण

तुर्भेस्टोअर, मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत तसंच माझ्या वहीतली निम्मी नावं वस्तीतली होती. आणि खरं सांगायचं तर टिकली तीच. नुकतीच दहावी झालेली मुलं आठवीला शिकवायची, आणि आठवीच्या पोरांना बाहेरच्या इंजिनिअरपेक्षा ती जास्त झेपायची, कारण गेल्या वर्षी आपण कुठे अडलो होतो ते त्यांच्या लक्षात असायचं. शिक्षणाची अट आम्ही ठेवलीच नाही. फक्त फॉर्म मराठीत, एका पानाचा, आणि भरायला मोबाइल लागत नाही असा.

वर तिरकस यांनी पैशांचं काढलंय. फॉल-पिकोवाल्या ताई दोन-तीन महिने फुकट करत होत्या. एक दिवस सरळ म्हणाल्या, "फोन करायला बसले की दोन साड्या मागे राहतात." दोन साड्या म्हणजे त्यांची त्या दिवसाची भाजी. मी मंडळाच्या खजिनदारांकडे गेले. डीजेला एवढे देता, मग बाईंना महिना काही द्या. "आम्ही सगळे फुकट राबतो, त्यांनाच का?" असं एक रात्र भांडण झालं. शेवटी वर्गणीतून छोटी रक्कम ठरली, आणि ती गणपतीच्या जमाखर्चाच्या पत्रकात छापली, देखाव्याच्या आणि मंडपाच्या ओळीखाली. छापल्यावर वाद संपला. ज्याच्या पोटावर येतं त्याला पैसे द्यावेत आणि बाकीच्यांनी दोन तास फुकट द्यावेत, मला यात काही विसंगत वाटत नाही.

निवृत्त कार्यक्रम अधिकारी

इथे मात्र माझा मतभेद नोंदवतो. एकाला पैसे दिले की दुसऱ्या वर्षी तिघं मागतात, हे मी पाहिलंय. आमच्या पिढीत सेवा दलातून आलेले लोक तर एसटीचं भाडंही खिशातून घालत.

तिरकस

सर, त्या पिढीत बरेच जण शिक्षक होते. महिन्याच्या एक तारखेला पगार होत असे. फॉल-पिकोवर एक तारीख नसते. कोपरीकरीण, जमाखर्चात छापलंत हे फार आवडलं. मी सहसा कोणाला अनुमोदन देत नाही, पण +१.

निवृत्त कार्यक्रम अधिकारी

मुद्दा बिनतोड आहे, तरी मला पूर्ण पटलं असं समजू नका. :)

ट्रान्सहार्बर

एक प्रश्न राहिला. पाडव्याला ठाण्यातल्या कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेत बघा, चौकाचौकांत किती माणसं राबत असतात. पाणी, रांगोळ्या, वाहतूक, सगळं फुकट. हीच माणसं दर शनिवारी का मिळत नाहीत?

कोपरीकरीण

मिळतात की. मी त्यांनाच गाठायचे. फक्त "स्वयंसेवक व्हाल का?" असं विचारायचं नाही. "तुम्ही त्या दिवशी चौकात पाण्याचं छान सांभाळलंत, आमच्याकडे महिन्यातून एक शनिवार वह्यांचं सामान बघाल का?" असं विचारायचं. एका दिवसाचा उत्सव आणि दर आठवड्याचं काम यांत एक फरक आहे. उत्सवात काय करायचं ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. अभ्यासिकेत ते कोणीतरी ठरवून, कापून, दोन तासांच्या तुकड्यात हातात द्यावं लागतं. वर्षभर पूर्णवेळ मोकळा असलेला माणूस त्या कापाकापीसाठी लागतो. मंडळातल्या नोकरीवाल्यांकडे तेवढी सवड नसते, इच्छा असली तरी.

सीवूड्सची आई

बाईसाहेब, लेकाने सगळा धागा वाचला. म्हणतो, इंग्रजीत लिहिलं असतं तर पटकन झालं असतं. :D त्याचे प्रश्न: (१) अर्ज कुठे? (२) नवी मुंबईतच राहून करता येईल का? (३) कोडिंग येतं, त्याचा उपयोग?

कोपरीकरीण

(१) सरकारी बाजूने 'माय भारत' संकेतस्थळ बघायला सांगा. ऑक्टोबर २०२३ पासून युवा खात्याचं स्वयंसेवेचं बरंचसं तिथे आलंय. माझ्या वेळच्या अटी आताही तशाच असतील असं धरून चालू नका, तिथे वाचून घ्या. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेचं तरुणांसाठीचं 'निर्माण' २००६ पासून चालू आहे, मराठी मुलांसाठी ते फार चांगलं, शिबिरातून सुरुवात होते. (२) येईल, आणि घरी राहूनच करावं हे माझं मत. महिनाअखेर कमी ताण. (३) ॲप बनवू नको म्हणावं! निदान पहिले सहा महिने तरी. आधी वही.

तुर्भेस्टोअर

काकू, त्याला आमच्याकडे पाठवा. ॲप नको, पण बीजगणितात मला बदली पाहिजे आहे. मार्चअखेर मार्केटात हिशेबाचं काम वाढतं, मला रात्री नऊशिवाय सुटता येत नाही आणि पोरांची परीक्षा तेव्हाच. आधी दोन रविवार नुसता बसून बघू दे. सर्व्हे करायचा नाही, ही एकच अट.

सीवूड्सची आई

चालेल का विचारते काय, घेऊनच येते. मीही येऊ का पहिल्या दिवशी? बँकेतून निवृत्त झालेय, व्याजाची गणितं घेऊ शकते.

तुर्भेस्टोअर

या की. दोघं आलात तर जोडी झाली. तुर्भे स्टेशनला पूर्वेला उतरा, मी घ्यायला येतो, पत्ता सांगून सापडत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि रविवारी निघायच्या आधी ट्रान्स हार्बरचा मेगाब्लॉक बघून घ्या, असला तर बसने या.